सुखदेव, ते वाक्य माझं होतं

सुखदेव, तुझी चिता विझायच्या आतच मी तुझ्या नावावर खोटं बोललो. सारं धाड गाव समोर बसलेलं होतं. कोणी हटकलं नाही, कारण मला हटकणारा माणूस गावात एकच होता आणि तो लाकडांवर निजलेला होता. काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसलो आणि वाटलं, आता बोलायचं तर तुझ्याशीच. बाकी कोणाशी बोलायला मला तोंड राहिलेलं नाही.

आपल्याकडची रीत तुला काय सांगायची! पोरगा मडकं फोडतो, अग्नी देतो, आणि मग कवटी फुटेपर्यंत माणसं घाटावरच बसून राहतात. तेवढ्या वेळात श्रद्धांजलीची भाषणं होतात. सरपंच बोलतो, सोसायटीवाले बोलतात, निवडणूक जवळ आली असेल तर मेलेल्याला कधी न पाहिलेलेही बोलतात. सगळ्यांत शेवटी कोणीतरी म्हणतं, "मास्तर, दोन शब्द." शाळेतून रिटायर झालो, पण ह्या कामातून गावानं मला सोडलं नाही. तू त्यावरून किती छळायचास मला! "मास्तर, तुह्यापाशी विटांसारखे साचे हायेत. शेतकरी मेला का काळ्या आईचा लेक, म्हातारी मेली का मायेचा सागर. मी मेलो का कोणता साचा काढशीन बे?" मी म्हणायचो, तू मर तर खरा, मग पाहू. असल्या गमती आपण करत होतो.

त्या दिवशी पोरांनी मोठा झेंडा आणला होता. "फौजी अमर रहे" च्या घोषणा चालल्या होत्या. गेले कित्येक दिवस टीव्हीवर लढाईच्याच गोष्टी चाललेल्या, घुसून मारा, संपवून टाका, आता थांबायचं नाही. पोरांचं रक्त तापलेलं होतं. दहा-बारा मोबाईल माझ्याकडे रोखलेले. मी उभा राहिलो. सुरुवात बरी केली, तुझ्या जीपबद्दल बोललो, लोक हसले, रडले. मग मला काय झालं कोण जाणे. मी हात वर केला आणि म्हणालो, "सुखदेव मला शेवटपर्यंत एकच सांगायचा. म्हणायचा, मास्तर, आम्हाला लंकेतून परत बोलावलं नसतं, तर आम्ही ती लढाई जिंकूनच आलो असतो. ती सल उरात घेऊन आज हा वाघ चालला!"

सुखदेव, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घाटावर, तुझ्या चितेपुढे टाळ्या. तुझ्या पोराचं मुंडण केलेलं डोकं तसंच खाली होतं. मला आतून एकदम गार पडल्यासारखं झालं. पण बाहेरून मी काय केलं, तर टाळ्या थांबेपर्यंत थांबलो. सवयीचा वक्ता ना मी!

तू हे कधी म्हणाला नव्हतास. उलट हे वाक्य मी तुला म्हणत होतो, जन्मभर. आपण दोघं एका बाकावर शिकलो, तू फौजेत गेलास, मी डी.एड. करून मास्तर झालो. श्रीलंकेत आपली फौज गेली तेव्हा तू तिच्यात होतास आणि मी इथं रेडिओला कान लावून होतो. तू परत आलास, पेन्शन घेऊन काळी-पिवळी जीप घेतलीस, धाड ते बुलडाणा. मी बुलडाण्याच्या शाळेत. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना ड्रायव्हरशेजारची जागा माझी, आणि भांडणाचा विषय ठरलेला. मी म्हणायचो, अर्ध्यात सोडून यायचं नव्हतं. तू म्हणायचास, जायचंच नव्हतं. गेलो ते गेलो, निदान परत आलो हे बरं झालं. गाडी शिवारातून चाललेली आणि आपण एकमेकांवर ओरडत असलेलो. मागून एखादी म्हातारी कावून म्हणायची, "अहो फौजी, लंका मागून जाळजा बाप्पा, पयले मले दवाखान्यात सोडा!"

मी माझ्या बाजूनं काय काय बोललो नाही! देशानं एकदा पाऊल टाकलं की मागे घ्यायचं नाही, जग हसतं. जे जवान तिथं गेले त्यांचं मरण मग कशासाठी? अर्धी लढाई सोडणं म्हणजे त्यांना फुकट मारणं. हे वाक्य मी मोठ्या तोऱ्यात टाकायचो. तू गिअर बदलायचास आणि म्हणायचास, "मास्तर, मेलेला मानूस कधी म्हनत नाई का माह्यामागं अजून एक पाठवा. ते म्हनते घरी बसलेला."

"म्हणजे मी?"

"हाव. तूच. अजून कोन हाये इथं?"

मग दोन दिवस मी मागच्या सीटवर बसायचो. तिसऱ्या दिवशी तूच हॉर्न वाजवून पुढे बोलवायचास.

एकदा तू सांगितलं होतंस ते मी विसरलो नाही. सकाळी एका घरानं तुम्हाला नारळाचं पाणी दिलं. म्हातारा, म्हातारी, नातवंडं. भाषा समजत नव्हती, हातवारे करून बोलणं. संध्याकाळी त्याच गल्लीतून गोळी आली आणि भास्कर पडला. तुझा भास्कर, मेहकर तालुक्यातला, भरती एकत्र झालेला, जेवणाच्या ताटातला वाटेकरी. तू म्हणालास, "मास्तर, मंग आमी त्या गल्लीत घुसलो. घरं तेच, म्हातारी तेच. बंदूक कोनावर धराव ते सांग न तू. आमी तिथं भांडन सोडवाले गेलतो, अन् ज्याच्यासाठी गेलो तेच आमच्यावर उलटले. त्याइचा राग याव तं त्याइचंबी खरं होतं. त्याइच्या दारात कोनी परका बंदूक घेऊन उभा राह्यला तं ते काय आरती ओवाळतीन?"

मी तेव्हाही गप्प बसलो नाही. मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, "आणि जे तुमच्या भरवशावर राहिले त्यांचं काय? तुम्हाला वाट दाखवणारे, तुमच्याकडून बोलणारे? तुम्ही जहाजात बसलात, ते कुठं गेले?" तू गाडी बाजूला घेतलीस, बाभळीखाली. उतरलास. मागचे लोक म्हणाले, पंक्चर झालं काय. तू टायरला लाथ मारल्यासारखी केलीस आणि उभा राहिलास. तिथं एक शिंपी होता म्हणालास, तुमच्यासाठी दुभाष्याचं काम करायचा. निघताना तो रस्त्याच्या कडेला उभा होता, हात न हलवता. "त्याचं काय झालं मले नाई माहीत. ते मले झोपू नाई देत बे. पन मास्तर, अजून धा वर्सं राह्यलो असतो तरी एक दिवस निघाच लागलं असतं. अन् तवा असे शिंपी किती झाले असते, याचा इचार कर." तुझे डोळे भरलेले होते. आणि मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, आज मी जिंकलो. इतका नादान होतो मी.

पण खरं सांगतो, माझ्या त्या सगळ्या मोठमोठ्या गोष्टींच्या खाली एक साधी गोष्ट होती, ती तुला कधी बोललो नाही. तू परत आलास तेव्हा गावानं तुझा हार-तुरे घालून सत्कार केला नाही. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "एकटा मारुती गेलता तं लंका जाळून आला, अन् तुमी एवढी फौज घेऊन गेलते तं काय केलं बाप्पा?" सगळे खो खो हसले. तूही हसलास. माझ्या मात्र ते काळजाला लागलं. मला माझ्या दोस्तासाठी जिंकलेली लढाई पाहिजे होती, बस. म्हणून मी त्या लढाईला तुझ्या जीपमध्ये वर्षानुवर्षं पुढे रेटत राहिलो. तुझ्यावरच्या जीवापोटी मी तुझंच ऐकलं नाही, हे आता उमजतं आहे.

मग चितेपुढे तरी का बोललो? जीवापोटी नाही. तिथं खोटं बोलायला नको. झेंडा होता, पोरं होती, मोबाईल होते, हे सगळं होतंच. पण त्याहून लाजेची गोष्ट ही की, त्या दिवशी पहिल्यांदाच तुला उत्तर देता येणार नव्हतं. आणि माझं वाक्य तुझ्या तोंडी घातलं की भांडण माझ्या बाजूनं संपणार होतं. मेलेल्या दोस्ताकडून मी हार कबूल करून घेतली, सुखदेव. थू माझ्या जिंदगानीवर.

त्या भाषणाचा व्हिडिओ पोरांनी मागे गाणं लावून साऱ्या जिल्ह्यात फिरवला. चिखलीहून, खामगावहून फोन आले. "मास्तर, काय बोलले हो, अंगावर काटा आला." तुझ्या मागे राहिलेल्या कमलवहिनी घाटावर आल्या नव्हत्या, त्यांनीही तो नातीच्या मोबाईलवरच पाहिला. राख सावडून आलो तेव्हा त्या माजघराच्या दारात बसलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊजी, हे ते कवा म्हनले?" मी म्हणालो, "वहिनी, भाषणात होतं असं थोडंसं." त्यांनी पदर सारखा केला आणि त्या आत गेल्या.

दोन-तीन दिवस गेले असतील. दुपारी तुझा पोरगा बोलवायला आला, की मेहकरकडच्या हिवरा आश्रम गावाच्या पलीकडून कोणी बाई आल्या आहेत, तुम्हाला विचारून राहिल्या. गेलो. पांढऱ्या केसांची, उंच, उन्हातान्हातून एसटी बदलत आलेली बाई. वहिनी म्हणाल्या, "ह्या गयाबाई. भास्करभाऊच्या घरच्या." मला माहीतच नव्हतं की ही बाई तुझ्या आयुष्यात आहे! दर भाऊबीजेला तू "मेहकरकडं जरा काम हाये" म्हणून जीप बंद ठेवायचास, ते काम हे होतं. ती तुला ओवाळायची, तू तिच्याकडे जेवायचास, भास्करच्या गोष्टी सांगायचास. वहिनींना ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि मी तुझा जिवाभावाचा दोस्त म्हणवतो!

गयाबाईंनी नमस्कार केला आणि सरळ विचारलं, "गुरुजी, मी ते मोबाईलवरचं पाह्यलं. माहा भाऊ असं म्हने?"

ओसरीवर चार पोरं बसलेली, तीच, झेंडेवाली.

त्या म्हणाल्या, "मी काऊन इचारून राह्यली ते सांगते. आमचे गेले, मंग फौज वापस आली. लोक म्हनले, एवढे लोकं मेले अन् हात हलवत आले. माह्या मनात लय दिवस तेच होतं, का मंग माहा मानूस कायले मेला? सुखदेवभाऊनं मले दरसाल समजावलं. म्हनले, बाई, तुह्या मानसाच्या नावानं अजून एका घरातला गेला असता तं भास्करले बरं वाटलं असतं काय? आमी वापस आलो ते बरंच झालं. त्याइच्या ह्या बोलन्यावर मी पोरं वाढवले. आता तुमी म्हनता का शेवटपर्यंत त्याइच्या मनात दुसरंच होतं. मंग मले ते नुसती समजूत घालून राह्यले होते काय? खरं काय ते सांगा. मी रडनार नाई."

आणि सुखदेव, मी काय म्हणालो माहीत आहे? त्या चार पोरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणालो, "ताई, माणसाच्या मनात दोन्ही असतं. कधी हे, कधी ते."

गयाबाई म्हणाल्या, "असंल." चहा घेतला नाही. पिशवी उचलली, वहिनींच्या डोक्यावरून हात फिरवला आणि स्टँडकडे निघाल्या. पोरं मोबाईलमध्ये गुंतलेली होती, त्यांनी ऐकलंही नव्हतं. म्हणजे मी भ्यालो तेही फुकटच.

वहिनी दारापर्यंत आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी मान वर करून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या. "भाऊजी, ते गेले तं मी दम धरला. पन तुमी माह्या घरात बसून त्याइले लबाड ठरवलं. ते बाई आता जाऊन काय इचार करन? का माह्या भावानं मले जलमभर फसवलं. तेरवीले लोक जमतीन. तिथं तुमचं काय असंल ते निस्तरा. नाई तं माह्या दारात पाय टाकू नोका." मी घरी आलो. सखूनं, माझ्या बायकोनं, दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमाले बोलाची लयच हौस. आता बोला."

एक गोष्ट मला राहून राहून छळते. एवढी वर्षं आपण भांडलो. मी मेलेल्या जवानांची नावं घेऊन तुझ्यावर तुटून पडायचो. त्यांच्या घरच्यांना काय वाटत असेल, असं मीच तुला दटावून विचारायचो, ज्यानं त्यांच्या घरी कधी पाय ठेवला नव्हता त्यानं! तू एकदा नुसतं म्हणाला असतास, "चाल, मेहकरले जाऊ, तिलेच इचार," तर माझी बोलती बंद झाली असती. तू नाही म्हणालास. तिचं दुःख तू भांडणात कधी वापरलं नाहीस. मी तुझं मरणसुद्धा वापरलं. तुझे उपकार मानू की तोंड लपवू, मला कळत नाही रे. दोन्ही एकदमच होऊन राहिलं आहे.

काल तेरवीला मंडप भरलेला होता. गयाबाई आलेल्या, बायकांमध्ये मागे बसलेल्या. वहिनींनी निरोप पाठवून बोलावलं होतं. फोटोला हार घातले, सरपंच बोलले, मग माझं नाव घेतलं. पोरांनी परत मोबाईल काढले. मी उठलो आणि बोललो. साचा नव्हता, म्हणून धड वाक्यंही जुळली नाहीत. म्हणालो, "घाटावर मी सुखदेवच्या नावानं जे बोललो ते सुखदेव कधी म्हणाला नव्हता. ते माझं मत होतं. तो जन्मभर म्हणत आला की फौज परत आली ते बरं झालं, आणि जे त्यानं मला सांगितलं तेच त्यानं सगळ्यांना सांगितलं, कोणाची समजूत घालायला नाही. मी त्याच्या तोंडी माझं बोलणं घातलं. माझं चुकलं."

कोणी टाळी वाजवली नाही. झेंडेवाल्यांपैकी एक जण उठून म्हणाला, "मंग मास्तर, फौजी लढाले भेत होते असं समजाचं काय?" मी रागानं काही बोलणार, तेवढ्यात तुझा पोरगा उठला. मुंडण केलेला, डोळे सुजलेला तुझा पोरगा. म्हणाला, "माहा बाप लढून आला होता दादा. तू जाऊन ये, मंग बोलू." तो एवढंच बोलून बसला. सरपंचांनी घाईनं पंगत मांडायला सांगितलं, आणि लोक सुटकेचा श्वास टाकून उठले. दोघे-तिघे माझ्याकडे न पाहताच पुढे गेले. काही जण न जेवता निघूनही गेले, तुझ्या तेरवीतून, माझ्यामुळे. त्याचंही वाईट वाटलं.

मला वाटलं, चला, झालं. निस्तरलं. हलकं वाटेल आता. मी धोतर खोचलं, वरणाची बादली घेतली आणि बायकांच्या पंगतीत वाढायला शिरलो. गयाबाईंच्या पानापाशी आलो तेव्हा त्यांनी भातावर हात आडवा धरला. मी म्हणालो, "ताई, वरण?" त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता.

"गुरुजी, तुमी सांगतलं ते बरं केलं. माहा भाऊ खरा होता, तेवढं मले पुरे झालं. आता एक तुमचं इचारते. फौज वापस नव्हती आनाची, हे तुमचं मत. असंल, शिकलेले मानसं तुमी. माहा मानूस गेला, तवा माही पोर पाळन्यात होती. असे लय घरं झाले त्या वर्सात. तं अजून किती घरं झाले असते म्हंजे तुमच्या मनाले पटलं असतं, का आता पुरे?"

हळूच बोलल्या, शेजारणीलाही ऐकू गेलं नसेल.

सुखदेव, जग हसेल, अर्ध्यात सोडायचं नाही, गेलेल्यांचं मरण फुकट जाईल, सगळं मला पाठ आहे. तुझ्यापुढं ते मी हजार वेळा बोललो आहे. त्यातलं एक अक्षर त्या बाईच्या पानापुढं उभं राहून मला बोलता आलं नाही. पंगतीच्या टोकाहून "वरण, वरण" अशा हाका येत होत्या आणि मी बादली धरून तसाच उभा. त्यांनी भातावरचा हात बाजूला घेतला आणि म्हणाल्या, "वाढा, थंडं होते."

मी वाढलं. तिला काय सांगायला पाहिजे होतं, सांग न बे?